खिळा न मारता

ता. ६ नोव्हें. ८३, रविवार
दिवाळीचे पाहुणे गेले. घर मोकळं. सूनबाई शीला माहेरी, सटाण्याला. बुधवारी येणार. तिची गिटार कपाटावर पडून हाय. तारांखालची घोडी एका बाजूनं उखडलेली. दोन महिने नुसतं चाललंय, दुरुस्तीला द्यायची, मुंबईला न्यायची. घोडी चिकटवायला मुंबई! आज खाली काढली, चार खिळे मारले, सव्वा इंची. वीस मिनिटं. आता हलून दाखव म्हणावं.
बत्तीस वर्षं लष्कराच्या डेपोत खोकी ठोकली. माझं एक खोकं कधी उघडलं नाय.
ही म्हणली, "विचारलं का तिला?"
त्यात काय विचारायचं.

ता. ९ नोव्हें.
शीला आली. पिशवी ठेवली न ठेवली तोच गिटार दिसली. खिळे बघितले. बसली, तारा चढवल्या, पिळायला लागली. चौथ्या तारेला कडाड आवाज. खिळ्यापासून वरची फळी उभी फाटली, पार मधल्या भोकापर्यंत.
मी म्हणलं, लाकूडच कुजकं होतं.
अशोक म्हणला, "दादा, तुम्ही पण ना..." आणि थांबला. बायको आणि बाप, मधे उभा.
शीला म्हणली, "बरं शे, मामा."
शिकलेली पोर, शाळेत मास्तरीण. आमच्यात नेहमी पुस्तकातलं बोलते. सटाण्याची बोली तोंडात आली म्हणजे लय आतून आलं. जुन्या साडीत गुंडाळून गिटार ट्रंकेत ठेवली. मग भाकरी केल्या. भाजीत मीठ बरोबर होतं. तेच खटकलं.

ता. १३ नोव्हें., रविवार
नवी आणू म्हणलं. नको म्हणली. भारीतली आणू म्हणलं. "नको मामा. खरंच नको."
दुपारी हिनं सांगितलं. गिटार शीलाच्या भावाची. मिलिंदची. त्यानंच तिला शिकवलं. तो कावीळ होऊन गेला, शीलाच्या लग्नाच्या आधल्या साली. तो गेला ते माहीत होतं. गिटार त्याची, ते माहीत नव्हतं.
मला कोणी सांगितलं नाय.
मी विचारलं नाय.
घोडी उखडेपर्यंत रोज संध्याकाळी भाकरी झाल्या की अर्धा तास वाजवायची. मी बातम्या मोठ्या करायचो. आता बातम्या स्वच्छ ऐकू येतात. काय असतं बातम्यांत. काय नसतं.
ठरलं. मी बनवतो. लाकडाचंच काम. पोकळ खोकं आणि वर दांडा. एक महिना.

ता. २० नोव्हें., रविवार
बसनं देवळाली कॅम्पला गेलो. फ्रान्सिस. पूर्वी पलटणीच्या बँडात होता, आता घरी बसून वाद्यं दुरुस्त करतो. डेपोच्या वेळेपासून तोंडओळख.
विचारलं, गिटारीला खिळे किती लागतात, आणि किती इंची?
हसत सुटला. बायकोला हाक मारून सांगितलं. ती पण हसली.
"काका, एक भी नहीं."
"मग धरतं कशावर?"
"सरस पे. और सबर पे."
सरस घरात हाय. दुसरं कुठं मिळतं ते विचारलं नाय.
त्याची गिटार पालथी घालून कागदावर उतरवली. भोकातून आरसा घालून आत बघितलं. आत आडव्यातिडव्या पट्ट्या हायत, खोक्यासारख्याच, पण काडीएवढ्या. असल्या पट्ट्यांना आमच्या डेपोत कोणी उभं केलं नसतं. मी जाड घालणार.

ता. २७ नोव्हें., रविवार
लाकूड जमवलं. वरच्या फळीला देवदार. डेपोच्या लिलावातलं जुनं खोकं, हिच्या स्वैंपाकघरात डब्यांची फळी झालं होतं. गाठ एक नाय, रेषा सरळ, वाळून खडखडीत. काढलं. डबे जमिनीवर.
"आता मी स्वैंपाक काय वाकून करू?"
"दुसरी फळी बसवतो."
"कधी?"
बाजूंना आणि पाठीला जुन्या कपाटाच्या दाराचं सागवान. चिरलं, रंधा मारून एक सुतावर आणलं. सूत म्हणजे इंचाचा आठवा हिस्सा. हे काय लाकूड! हा पापड झाला. पण बाजू वाकवायच्या तर दुसरा इलाज नाय.

ता. १२ डिसें.
वाकवायचं म्हणजे फळी भिजवायची आणि तापलेल्या नळीवर दाबायची. नळी कुठून आणणार. न्हाणीतला बंब हायच की. मधली नळी चांगली तापते. सकाळी साडेपाचला पेटवला.
खरंच वाकतं. लाकूड पिठाच्या गोळ्यासारखं होतं. कमरेच्या वळणाला आलो, जरा जोर दिला. मोडली. दुसरी घेतली. ती पण.
अशोक खांद्यावर टॉवेल टाकून उभा. "दादा, पहिली पाळी आहे. पाणी मिळेल का?"
"आज गार पाण्यानं कर."
शीलानं पण गार पाण्यानं केली. डिसेंबरात. चूं नाय की चां नाय.
हात भाजला. हिनं कोरफड लावली. लावता लावता तोंड चालूच.

ता. १९ डिसें.
चौथी जोडी. जमली. दोन्ही बाजू सारख्या.
जोर करायचा नाय. दाबून धरायचं आणि नुसतं उभं राहायचं. लाकूड मऊ झालं की हाताला कळतं. तोवर उभा. पाऊण तास. मी.

ता. १ जाने. ८४, रविवार
सरस शिजवला. वास असा की ही नाकाला पदर लावून शेजारी जाऊन बसली. शिकंजे दोनच, म्हणून सायकलीच्या जुन्या ट्यूबा कापून आवळून गुंडाळल्या. वरून पाटा, वरवंटा, पिठाचा डबा.
ही परत आली. "चटणी कशावर वाटू? तुमच्या डोक्यावर?"
महिना कधीच उलटून गेला. इथं लिहितो. बाहेर बोलायची गरज नाय.

ता. १५ जाने., रविवार
खोकं पुरं. वरची फळी दोन सूत, आतल्या पट्ट्या अंगठ्याएवढ्या. जमिनीवर ठेवून वर उभा राहिलो. कण्हलं पण नाय.
बसमधे मांडीवर घेऊन कॅम्पला. कंडक्टर म्हणला, बाबा, कबुतरं हायत का आत?
फ्रान्सिसनं बोटानं ठोकलं. कान लावला. परत ठोकलं.
"काका, बहुत मजबूत बनाया."
"मजबूतच असणार."
"इसमें आलू भरो. दिल्ली तक जाएगा, एक नहीं गिरेगा."
मग मात्र हसायचा थांबला आणि नीट सांगितलं. तार हलते, तार फळीला हलवते. फळी हलली तर आवाज. ही फळी हलत नाय. एका सुतापेक्षा कमी पायजे, कडेला त्याहून कमी. पट्ट्या काडीएवढ्या.
येताना खिडकीतून बाहेर बघत आलो. कंडक्टरनं परत विचारलं. तिकिटाचे पैसे पुढं केले.

ता. १६ जाने.
डेपोत खोकं झालं की साहेब येऊन बुटानं लाथ घालायचा. वाजलं की नापास. गप्प राहिलं की पास. माझं कधी वाजलं नाय. बत्तीस वर्षं.

ता. २९ जाने., रविवार
दोन आठवडे हात लावला नाय. खोकं कोपऱ्यात. हिनं भोकातून आत लसूण भरून ठेवला. "हवा लागते," म्हणते, "कोंब फुटत नाय." शीला लसूण शोधत होती. हिनं बोट दाखवलं. शीलानं भोकात हात घालून लसणाची गड्डी काढली आणि हसली. मग माझ्याकडं लक्ष गेलं, तोंड फिरवलं.
पण हसली होती. नोव्हेंबरापासून पहिल्यांदा.
लसूण काढला सगळा. एक पाकळी आत अडकली, ती काढायला तारेचा आकडा करावा लागला.

ता. ५ फेब्रु., रविवार
सुरी तापवून वरची फळी सोडवली. इंच इंच. तीन तास. न फाटता निघाली. सरसाचं हे बरं. ऊब दिली की सोडतो. खिळा काढला तर भोक राहतंच.

ता. १९ फेब्रु., रविवार
दोन हात रंधा मारायचा, फळी दोन बोटांत लटकती धरायची, ठोकायची, ऐकायचं. मला सगळं एकच ऐकू येतं. हातोडीनं कान गेलेत.
ही ओट्यावर गहू निवडत होती. मान वर न करता म्हणली, "बद्द वाजतंय."
"तुला काय कळतं?"
"दरसाल माठ कोण आणतं? एक साल तुम्ही आणला होता. आठवतंय? सकाळपर्यंत घरभर पाणी."
खरं हाय. कुंभाराकडं ही दहा माठ वाजवते तेव्हा एक घेते. मी पहिला दिसला तो उचलला होता.
मग ही गहू निवडत, मी रंधा मारत. ठोकायचो. "बद्द." परत दोन हात. "बद्द." अशोक घरात आला, आमच्याकडं बघितलं, गुपचूप आत गेला.

ता. २६ फेब्रु., रविवार
एक सूत झालं. त्याच्या खाली जायला हात धजत नाय. एवढं पातळ लाकूड आयुष्यात हातात धरलं नाय, भुसा झाडताना उडून जायचं तेवढंच. उन्हाकडं धरली तर लालसर उजेड आरपार येतो.
अजून दोन हात मारले. ठोकली.
हिचा गहू निवडायचा हात थांबला. "परत वाजवा."
वाजवली.
"हां. हा माठ मी घेतला असता."
आतल्या पट्ट्या नव्या केल्या. काडीएवढ्या.

ता. ११ मार्च, रविवार
पोट परत जोडलं. नीट. आता वरची मान राहिली आणि तारा पिळायच्या चाव्या. चाव्या नाशकात मिळत नाय. मान करीन म्हणतो, पण तिच्यावरच्या पितळी पट्ट्या केसभर इकडंतिकडं झाल्या तर जन्मभर बेसूर.
फ्रान्सिस म्हणला, "पुरानी का गर्दन कैसा है?"
चांगलं असणार. खिळे तिथं मारले नव्हते.
ट्रंकेत हाय. म्हणजे विचारावं लागणार.

ता. १४ मार्च
विचारलं नाय.

ता. १५ मार्च
विचारलं नाय. ती वह्या तपासत होती.

ता. १८ मार्च, रविवार
वह्या कधी संपतच नाय. तपासत असतानाच विचारलं. चार दिवस काय काय ठरवलं होतं, त्यातलं एक आलं नाय तोंडात. आलं ते असं. "शीला, खिळे मारायच्या आधी विचारायला पायजे होतं. नाय विचारलं. आता विचारतो. त्या गिटारीची मान आणि चाव्या देशील का? नाय म्हणलीस तरी चालंल."
लाल पेन हातात तसाच. "बघते, मामा."
बघते म्हणजे नाय. ठीक. सागवानाचा तुकडा अजून हाय. मान मीच करीन.

ता. २० मार्च
शीला शाळेतून आली, चहा पण घेतला नाय. ट्रंक उघडली. साडीसकट गिटार आणून माझ्या बाकड्यावर ठेवली.
"पक्कड द्या."
दिली.
"खिळे मी काढते."
चार खिळे. तिसरा आत वाकला होता, त्याला लय वेळ गेला. मी पुढं झालो तर म्हणली, "तुम्ही थांबा." थांबलो. एकेक काढून माझ्या तळहातावर ठेवले. गरम होते, ओढाओढीनं.
मग म्हणली, "मान घ्या. चाव्या घ्या. बाकीची माझ्याकडं राहू द्या."
गरम सुरीनं मान सोडवली. ती पोट धरून बसली होती, आजारी माणसाला धरतात तसं. भोकातून आत पेन्सिलीनं काहीतरी लिहिलेलं दिसलं. मिलिंदचं अक्षर असणार. वाचलं नाय. ते तिचं हाय.
फाटलेलं पोट परत साडीत, ट्रंकेत. खिळे मी वाटीत ठेवले.

ता. १ एप्रिल, रविवार
मान बसली. फ्रान्सिस गेल्या रविवारी स्वतः आला, एक डोळा मिटून बघितलं, सरळ हाय म्हणला. हिनं त्याला पोहे दिले. तो हिला म्हणला, "भाभी, कान आपका बहुत अच्छा." दोन दिवस ही हवेत.
पॉलिशला चपडा लाख, स्पिरिटात विरघळवून. मी म्हणलं दोन हात पुरे. तो म्हणला दहा, आणि पातळ. नखरे. तो गेल्यावर चार दिले आणि बास म्हणलं. शीला येऊन बोट न लावता चारी बाजूंनी बघून गेली. बाकीचे सहा पण दिले. आठव्या हातात माशी चिकटली. काढली, एक पाय राहिला. राहू दे.

ता. ७ एप्रिल, शनिवार
घोडी शिसवाची केली, मोडक्या बाजेच्या पायातनं. कुठं बसवायची ते शीलानं सांगितलं. "मानेच्या वरच्या टोकापासून बाराव्या पितळी पट्टीपर्यंत जेवढं, तिथून खाली तेवढंच. आणि किंचित जास्त." दोरीनं मापलं. एक टोक तिनं धरलं, एक मी. किंचित म्हणजे किती, यावर वाद झाला. ती जिंकली.
संध्याकाळी सरस लावून वर पाटा ठेवला. फ्रान्सिसनं बजावलंय, पुरता एक दिवस आणि एक रात्र.
येत्या शनिवारी, १४ ला, विहारात बायकांची गाणी. कॉलनीतल्या दोघीजणी शीलाला विचारून गेल्या, वाजवशील का म्हणून. "बघू," म्हणली.

ता. ८ एप्रिल, रविवार
सकाळीच तारा चढवल्या. रात्र गेली होती की. हलवून बघितलं, पक्कं होतं.
शीलाकडं दिली. तिनं चाव्या पिळल्या, कान लावून, परत पिळल्या. मग एकेक तार वाजवली. वरून खाली, सहा.
आवाज काय लिहू. मोठा नाय. पण घरभर गेला. ही पिठाच्या हातानं बाहेर आली. अशोकनं उठून रेडिओ बंद केला, कोणी न सांगता.
गाणं नाय वाजवलं. सहा तारा, बास. भिंतीला टेकवून ठेवली आणि भाकरी करायला गेली.
टेकवून ठेवली. गुंडाळून नाय.

ता. ९ एप्रिल, सोमवार
सकाळी बघितलं. घोडी मागच्या कडेनं उचललीय. पोस्टकार्ड आत जातं. तारांनी ओढली. सरस वाळलाच नव्हता. माझी घाई.
घरात कोणी नव्हतं. हातोडी खुंटीला. वाटीत तेच चार खिळे. हात गेला. खोटं कशाला लिहू, गेला.
बाहेर ओट्यावर जाऊन बसलो. पाच वाजेपर्यंत. परत आल्यावर हिनं दोनदा विचारलं, पोटात दुखतंय का.
शीला फाटकात दिसली तसं सांगितलं. "घोडी उचलली. फ्रान्सिसनं दिवसरात्र सांगितलं होतं, मी बारा तासांत तारा चढवल्या."
आत गेली, वाकून बघितलं. "मामा, मग सकाळीच तारा ढिल्या करायच्या. दिवसभर ओढत राहिली ती."
"हात लावला नाय."
"का?"
"तुला विचारायचं होतं."
माझ्याकडं बघत राहिली. मग हसली, लसणाच्या दिवशीसारखी. या वेळी तोंड फिरवलं नाय. म्हणली, "मामा, एवढंही विचारायला नको."
म्हणजे कधी विचारायचं आणि कधी नाय, ते पण शिकावं लागणार. या वयात.

ता. १० एप्रिल, मंगळवार
घोडी गरम सुरीनं सोडवली, मी. जुना सरस खरवडला, तिनं. नवा शिजवला. ही पदर नाकाला लावून शेजारी. फळीला चीर नाय, तिनं बोटानं चाचपून बघितलं, मी उजेडात धरून बघितलं.
साडेसहाला पाटा ठेवला. शीलानं शाळेतला खडू काढून पाट्यावर लिहिलं, 'शुक्रवार संध्याकाळ. मामांनी हात लावू नये.'
"शुक्रवार कशाला? फ्रान्सिस एक दिवस म्हणतो."
"तो इतरांसाठी. तुमच्यासाठी तीन."
"आणि शनिवारी? विहारात?"
"धरली तर बघू."
खिळ्यांची वाटी तिनं उचलून ट्रंकेत ठेवली, त्या साडीशेजारी. हातोडी मीच दिली.
ही म्हणते, शुक्रवारपर्यंत चटणी नाय, वरणावर भागवा.
सात वाजले. बातम्या लावल्या नाय. पाट्यासमोर खुर्ची टाकून बसलोय. तीन दिवस.